रंगीत पट्टी आणि आंबलेलं अंग

फजरची नमाज झाल्यावर तालुक्याच्या कुठल्याही मैदानाकडे चक्कर मारा, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावताना दिसतील. गेल्या काही वर्षांत त्यांच्या अंगावर एक नवी गोष्ट आली आहे. कोणाच्या पोटरीवर निळी पट्टी, कोणाच्या गुडघ्याभोवती काळी, कोणाच्या खांद्यावर गुलाबी. शाळेतून बाहेर पडलेली मुलं भेटली की विचारतात, "मॅडम, ही पट्टी लावली की पाय दुखायचे थांबतात म्हणे. खरं का?" आणि त्यांच्या अम्मी विचारतात तो प्रश्न याहून सरळ असतो: "पोरगा रोलसाठी पाचशे रुपये मागतोय. देऊ का?"

घरातलं एक मूल भरतीला उतरलं की सगळं घर भरतीला उतरतं. पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, शंभर मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. मुलींना 1600 च्या जागी 800 मीटर. एकेका गुणावर यादीत नाव वरखाली होतं. मग कोणी म्हणालं की अमुक पट्टीने पाय लवकर मोकळे होतात, तर आईबापाचा हात खिशाकडे जाणारच. मी भाषा शिकवते, डॉक्टर नाही. पण या पट्टीबद्दल अभ्यासकांनी जे तपासलं आहे ते वाचून काढलं आणि ते या महिन्याच्या पानात सांगावंसं वाटलं.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. सुती कापडात लवचिक धागा विणलेला असतो, त्यामुळे पट्टी लांबीत ताणली जाते, रुंदीत नाही. मागे ॲक्रिलिकचा गोंद असतो, तो लाटांच्या नक्षीत लावलेला. अंगाच्या उबेने तो पक्का धरतो. औषध त्यात काहीच नसतं. रोल साधारण 5 सेंटिमीटर रुंद आणि 5 मीटर लांब. जपानमधल्या केन्झो कासे या कायरोप्रॅक्टरने 1970 च्या दशकात ही टेप तयार केली. खेळाडू त्याआधी जी पांढरी, न ताणणारी टेप वापरत, ती सांधा जखडून ठेवायची. कासे यांना आधार हवा होता, पण हालचाल अडवायची नव्हती. त्यांचं म्हणणं असं की ताणून लावलेली पट्टी त्वचेला किंचित उचलून धरते, त्वचेखाली जागा होते, रक्त आणि लसीका यांचा प्रवाह सुधारतो आणि दुखणं उतरतं.

जगाच्या नजरेत ही पट्टी आली ती 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये. कंपनीने 58 देशांच्या पथकांना रोल फुकट वाटले होते. अमेरिकेची बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श खांद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी काळी पट्टी लावून खेळली आणि सुवर्णपदक घेऊन गेली. त्यानंतर टीव्हीवर दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक खेळात ही पट्टी दिसू लागली. याहून चांगली जाहिरात पैसे मोजूनही मिळाली नसती.

आता दुखण्याकडे वळू, कारण दुखणं कशाने होतं ते कळल्याशिवाय पट्टीचा हिशेब लागत नाही.

मराठीत आपण म्हणतो, अंग आंबलं. उर्दूत बदन टूटता है, अकड़ जाता है. मराठी शब्द मला फार आवडतो, कारण विज्ञानाच्या आधीच भाषेने इथे एक सिद्धान्त मांडून ठेवला आहे: श्रमाने अंगात काहीतरी आंबट साठतं. पुढे शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. लॅक्टिक आम्ल साठतं म्हणून स्नायू दुखतात, असं आम्हीही शाळेत शिकलो आणि काही मैदानांवर प्रशिक्षक आजही तसंच सांगतात. पण धावणं थांबल्यावर तासाभरात रक्तातलं लॅक्टेट मूळ पातळीवर येतं. दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि 24 ते 72 तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं. जी गोष्ट तासाभरात निघून गेली तिने परवा जिना उतरताना आई गं म्हणायला लावावं, हे जुळत नाही.

अमेरिकेचे शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हॉफ यांनी 1902 सालीच वेगळा अंदाज केला होता की, या उशिरा येणाऱ्या दुखण्याचं मूळ स्नायूच्या आत होणाऱ्या बारीक इजेत असावं. आजची समजूत बरीचशी त्याच वाटेने जाते. सवय नसलेला ताण पडला की स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, मग शरीर डागडुजीला लागतं, थोडी सूज येते, आसपासच्या नसा हळव्या होतात. विशेषतः स्नायू ताणला जात असताना त्याला जोर लावावा लागला तर हे जास्त होतं. म्हणूनच चढापेक्षा उतार पायांना महागात पडतो. गड चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरण्यामुळे. चांगली गोष्ट अशी की तोच व्यायाम थोड्या दिवसांनी पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी होतं. एकदा डागडुजी झालेला स्नायू तो ताण काही आठवडे लक्षात ठेवतो. भरतीच्या मुलांना पहिल्या आठवड्यात चालता येत नाही आणि तिसऱ्या आठवड्यात तीच मुलं उड्या मारत घरी येतात. मधल्या काळात पट्टी लावलेली असेल तर सगळं श्रेय पट्टीला जातं.

या डागडुजीचा वेग पट्टीने वाढतो का? दोन चाचण्या मला सांगण्यासारख्या वाटतात.

पहिली ब्राझीलमधली, 2014 सालची. कंबरदुखीच्या 148 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नियमाप्रमाणे ताण देऊन, त्वचेवर सुरकुत्या उमटतील अशी पट्टी लावली. दुसऱ्या गटाला तीच पट्टी, पण ताण न देता. कासे यांचं म्हणणं खरं असेल तर पहिला गट स्पष्टपणे पुढे जायला हवा होता. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे त्वचा उचलून धरण्याच्या ज्या युक्तीवर सगळी इमारत उभी आहे, तिचाच उपयोग दिसला नाही. हे कंबरेचं दुखणं होतं, व्यायामानंतरचं नव्हतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

दुसरी हाँगकाँगची, 2015 सालची, आणि ती जास्त गमतीची आहे. या पट्टीबद्दल कधीच काही न ऐकलेली 30 निरोगी माणसं निवडली. त्यांना सांगितलं की मांडीवर स्नायूंची नोंद घेणारे सेन्सर चिकटवत आहोत. प्रत्यक्षात एकदा नीट पट्टी लावली, एकदा नावापुरती, आणि एकदा लावलीच नाही. तिन्ही वेळा पायाचा जोर सारखाच भरला. पट्टी म्हणजे काय हे माहीत नसेल तर स्नायूलाही ती माहीत नसते, असं दिसतं.

थकवून दुखवलेल्या स्नायूंवरही चाचण्या झाल्या आहेत. त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. काहींत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं थोडं कमी नोंदवलं गेलं, काहींत काहीच फरक दिसला नाही. यात एक अडचण कायमची आहे. गोळीच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते, पण पायावर रंगीत पट्टी आहे की नाही हे माणसाला दिसतंच. आणि दुखणं मोजायचं म्हणजे त्यालाच विचारायचं.

तर माझं मत असं. पट्टीने स्नायू लवकर भरून येतो असं मानायला आज पुरेसा आधार नाही. थोडं बरं वाटू शकतं, आणि बरं वाटणं ही काही खोटी गोष्ट नव्हे. त्वचेवर सतत हलकी ओढ जाणवत राहिली की दुखण्याकडचं लक्ष कमी होतं. आजी डोक्याला घट्ट रुमाल बांधायची तेव्हाही हेच होत असावं. घरात पैसे असतील आणि मुलाला हौस असेल तर आणू द्या. पण पाचशे रुपये अन्नाच्या पैशांतून निघणार असतील, तर मी आणू नका असं म्हणेन. नियमित कसून व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज 1.4 ते 2 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या मुलाला म्हणजे साधारण 85 ते 120 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात. पाचशे रुपयांत साठएक अंडी येतात. आपल्या घरांत आठवड्यातून एक-दोनदा गोश्त शिजतं आणि त्या दिवशी मुलगा भरपूर खातो. उरलेल्या दिवशी चहा-पाव खाऊन धावतो. डाळ, चणे, शेंगदाणे, दूध, अंडी हे रोज थोडं थोडं हवं.

पैशांपेक्षा मला दुसरी काळजी जास्त वाटते. पट्टी लावून मुलं जे दुखणं दाबून धावतात ते नेहमी आंबलेल्या अंगाचंच असतं असं नाही. आंबलेलं अंग ओळखायला सोपं. दोन्ही पाय दुखतात, मांसल भाग दुखतो, दुखणं पसरलेलं असतं, थोडं चाललं की सैलावतं आणि तीन-चार दिवसांत उतरतं. याउलट नडगीच्या हाडावर एका बोटाने दाबलं आणि नेमक्या एकाच जागी कळ आली, धावताना ती वाढत गेली, पुढे रात्री झोपल्यावरही ठणकू लागली, तर ती हाडाला गेलेली बारीक तडाची खूण असू शकते. डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी, एकदम अंतर वाढवून धावणाऱ्या मुलांत हे होतं. सुरुवातीला एक्स-रेत ती तड दिसत नाही, म्हणून "फोटो चांगला आला" एवढ्यावर समाधान मानू नये. हाडांच्या डॉक्टरांना धावण्याचा पूर्ण हिशेब सांगावा. वेळीच थांबलं तर सहा-आठ आठवड्यांत हाड जुळतं. पट्टी बांधून धावत राहिलं तर तड पूर्ण मोडीत जाऊ शकते आणि मग या भरतीबरोबर पुढचीही जाते.

मुलींच्या बाबतीत अम्मींनी एक गोष्ट विचारायला हवी, कारण मुलगी ती प्रशिक्षकाला सांगणार नाही. खूप धावायला लागल्यापासून पाळी लांबली किंवा बंद झाली का? खाणं कमी आणि श्रम जास्त झाले की शरीर पाळी थांबवतं, आणि त्याच काळात हाडंही कमजोर होतात. अशा मुलीच्या नडगीत कळ आली तर पट्टी बाजूला ठेवा आणि तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही न्या.

आणखी एक खूण सगळ्यांसाठी. पहिल्याच दिवशी ईर्ष्येने शेकडो बैठका मारल्या, अंग भयंकर सुजलं-दुखलं आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर रात्र असो की सण, रुग्णालय गाठावं. स्नायूंचा चुरा रक्तात उतरून मूत्रपिंडं निकामी करू शकतो. तसंच एकच पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली तर रक्ताची गुठळी असू शकते. तिच्यावर ना पट्टी, ना मालिश.

मग पाय मोकळे कशाने होतात? झोपेने, सर्वांत आधी. रात्री एकपर्यंत मोबाइल आणि पाचला मैदान, या हिशेबात कुठलीच पट्टी बसत नाही. दुसरं, अंतर हळूहळू वाढवणं आणि कठीण दिवसानंतर हलका दिवस ठेवणं. तिसरं वाचून आपल्या नानी-दादींना आनंद होईल. थकवा आणि स्नायूदुखी उतरवण्याच्या उपायांवरचे 99 अभ्यास एकत्र करून 2018 साली जो आढावा निघाला, त्यात मालिश सर्वांत प्रभावी ठरली. खोबरेल असो की तिळाचं, तेल घरात असतंच आणि हातही घरचेच. रमजानमध्ये मात्र हिशेब बदलतो. झोप तुटलेली, दिवसभर पाणी नाही. त्या महिन्यात जोर वाढवायचा नाही, आहे तो टिकवायचा. इफ्तारच्या आधी थोडं हलकं धावावं किंवा तरावीहनंतर पाणी-जेवण पोटात गेल्यावर व्यायाम करावा, आणि वेदनाशामक गोळी घेऊन कोरड्या अंगाने धावण्याचा विचारही करू नये.

इतकं सांगूनही ज्यांना पट्टी लावायचीच आहे त्यांच्यासाठी रीत सांगते. शक्य असेल तर पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून लावून घ्या. मुलींसाठी महिला फिजिओथेरपिस्ट आता बऱ्याच ठिकाणी असतात, आणि अम्मी किंवा बाजीने सोबत बसून शिकून घेतलं की पुढे घरीच होतं. त्वचा कोरडी आणि स्वच्छ हवी. तेल लावलं असेल तर पट्टी धरत नाही, म्हणजे मालिश आणि पट्टी एका दिवशी जमत नाही. केस दाट असतील तर कातरून घ्यावेत. आधी बोटभर तुकडा दिवसभर लावून पाहावा. खाज किंवा पुरळ आलं तर नाद सोडावा. पट्टीची टोकं कात्रीने गोल करावीत, म्हणजे कपड्यात अडकून उचकटत नाहीत. दोन्ही टोकांचे दोन-तीन बोटं भाग अजिबात न ताणता चिकटवायचे, मधला भाग किंचित ताणून. जास्त ताणलं की जास्त गुण येतो असा समज मैदानावर आहे. त्याने फक्त फोड येतात. लावून झाल्यावर तळहाताने घासावं आणि घाम गाळण्याआधी अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. जखमेवर, भाजलेल्या किंवा चिघळलेल्या त्वचेवर लावू नये. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या वडीलधाऱ्यांना नातवाचा उरलेला रोल लावायला देऊ नये.

वुजूचा प्रश्न मुलं विचारतात आणि तो विचारायलाच हवा, कारण पट्टी तीन-चार दिवस अंगावर राहते. वुजूत धुवायचे अवयव म्हणजे चेहरा, कोपरांसह हात आणि घोट्यांसह पाय. मांडी, गुडघा, पोटरी, पाठ, खांदा इथल्या पट्टीने वुजूला बाधा येत नाही. घोटा, पाऊल, मनगट किंवा कोपराखालचा हात असेल तर पट्टीखाली पाणी पोचलं असं म्हणता येत नाही. गुसलमध्ये तर सगळंच अंग आलं. जखमेच्या किंवा मोडलेल्या हाडाच्या पट्टीवर मसह करण्याची सवलत शरीयतने दिली आहे, पण ती पट्टी काढल्याने अपाय होत असेल किंवा बरं व्हायला वेळ लागत असेल तेव्हा. निव्वळ आरामासाठी लावलेल्या रंगीत टेपला ती लागू करणं कठीण आहे. शिवाय मसहच्या अटी हनफी आणि शाफई मसलकांत वेगळ्या आहेत, आणि कोकणातली आपली बरीच घरं शाफई. फिजिओथेरपिस्टने खरोखर दुखापतीसाठी घोट्याला पट्टी लावली असेल तर आपल्या मशिदीच्या आलिमांना नेमकी परिस्थिती सांगून विचारावं. बाकीच्यांनी घोट्याला पट्टी न लावणंच सोपं.

काढताना घाई करू नका. मुलं एका झटक्यात ओढतात आणि वरची त्वचा सोलून घेतात. पट्टीवर तेल चोळून दहा मिनिटं थांबावं. मग केसांच्या दिशेने, एका हाताने त्वचा दाबून धरत, दुसऱ्या हाताने हळूहळू गुंडाळत आणावी. आंघोळीत काढली तर आणखी सोपं. खालची जागा थोडी लाल दिसेल. दुसऱ्या दिवशीही ती तशीच राहिली तर त्या जागी पुन्हा पट्टी लावू नये, आणि पाणी भरलेला फोड आला असेल तर तो न फोडता डॉक्टरांना दाखवावा.